मीठ, साखर आणि बनगावची पिंपे

माझ्या आजीची दोन भावंडे एकाच आठवड्यात पटकीने गेली. तिच्या गावाकडे पटकीला वाखा म्हणत. ही हकीकत आजी फार क्वचित सांगे, पण सांगू लागली की एक गोष्ट हटकून तिच्या तोंडी येई. धाकटा भाऊ शेवटपर्यंत पाणी मागत होता आणि घरच्यांनी त्याला ते दिले नाही. यात निर्दयपणा नव्हता. पाणी पाजले की थोड्याच वेळात तेवढेच, किंबहुना अधिक, बाहेर पडते हे गावातल्या सर्वांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा पाणी तोडावे, म्हणजे जुलाबही थांबतील, असा त्यांचा तर्क. तो तर्क चुकीचा होता आणि त्यापायी मुले गेली. निरीक्षण मात्र खोटे नव्हते. ते खरे का होते, हे कळायला १९६० साल उजाडावे लागले.

विद्यार्थी मित्रहो, मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. रोगांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण या कथेत परासरण आहे, द्रावणांची संहती आहे, तराजू आहे आणि मोजमापातील चूकही आहे. शिवाय तिच्या मध्यभागी एक डॉक्टर आहेत, ज्यांनी हातातल्या चांगल्या सुया संपत आल्यावर स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर भिस्त ठेवली. म्हणून हे धाडस करीत आहे.

शरीरातील पाण्याचा जमाखर्च

५० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी असते. आपण दिवसाकाठी दोनएक लिटर पाणी पितो. पण आतड्यात उतरणारा द्रव याहून कितीतरी अधिक असतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर हे सर्व मिळून आणखी सहा-सात लिटर त्यात येऊन पडतात. म्हणजे रोजची जमा आठ-नऊ लिटर. आणि शौचावाटे बाहेर जाते किती? जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचे सारे पाणी आतड्याचे अस्तर शोषून रक्तात परत पाठवते. इतका काटकसरी कारभार माणसाने उभारलेल्या एखाद्या कारखान्यात चालत असेल, असे मला वाटत नाही.

पटकीत हा कारभार पार उलटा होतो. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब सुरू होतात आणि गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढे पाणी गेले की डोळे खोल जातात, नाडी हाताला लागत नाही, मूत्रपिंडे काम थांबवतात. ५० किलोच्या माणसाच्या बाबतीत हा दहावा हिस्सा ५ लिटरांचा. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट गडी संध्याकाळी घरी परत येत नसे, अशा गोष्टी तुम्ही जुन्या माणसांकडून ऐकल्या असतील. त्यांत अतिशयोक्ती नसे.

हे पाणी का वाहू लागते याचा उलगडा कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ दे यांनी केला. त्यांचा प्रयोग इतका सोपा आहे की तो वाचताना हेवा वाटतो. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला. पटकीचे जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून जंतू वेगळे काढले आणि नुसता द्रव त्या तुकड्यात सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू तर नव्हतेच! म्हणजे अपराधी जंतू नसून जंतूंनी सोडलेले विष होते. हा शोध १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे विष आतड्याच्या पेशींतील एक कळ दाबून धरते आणि क्लोराइडचे आयन एकसारखे आतड्याच्या पोकळीत ओतले जातात. त्यांच्यामागून सोडियम जाते आणि पाणीही जाते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे. हे विष आतड्याचे अस्तर फाडत नाही, जाळत नाही. पेशी जिवंत आणि धडधाकट राहतात.

सुईचा उपाय

गेलेले पाणी आणि क्षार परत भरले तर माणूस वाचेल, ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधील थॉमस लाटा या डॉक्टराने १८३२ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत खारट पाणी सोडून पाहिले होते आणि त्यांतील काही रुग्ण उठूनही बसले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत इतकी सुधारली की चांगल्या रुग्णालयात पटकीने मरणे जवळजवळ अशक्य झाले.

चांगल्या रुग्णालयात. घोडे अडले ते येथेच. शिरेतून द्यायचे द्रावण निर्जंतुक हवे. ते काचेच्या बाटल्यांतून आणायचे. सुया हव्यात, नळ्या हव्यात, सुकलेली शीर शोधणारा तरबेज हात हवा. एका रुग्णाला दहा-पंधरा लिटर लागू शकतात. पटकी मात्र अशाच ठिकाणी येते, जेथे यांपैकी काहीच नसते.

मग पाणी पाजूनच का भागू नये?

काकडीची कोशिंबीर

आई काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी का घालते, हे तिला विचारून पाहा. आधी घातले तर काकडीला पाणी सुटते. काकडीच्या पेशींभोवतीचे पटल पाण्याला ये-जा करू देते, मिठाला सहजासहजी करू देत नाही. बाहेर मीठ अधिक झाले की पाणी आतून बाहेर येते. उलट बेदाणे साध्या पाण्यात टाकले तर पाणी आत शिरून ते फुगतात. यालाच परासरण म्हणतात. ज्या बाजूला विरघळलेल्या कणांची दाटी अधिक, तिकडे पाणी जाते. कण कोणते आहेत याला महत्त्व नाही, किती आहेत याला आहे.

आपल्या रक्तात अशा कणांची दाटी लिटरला सुमारे २९० मिलिमोल असते. आता आतड्याचा विचार करा. पाण्याला रक्तात न्यायचे तर आधी विरघळलेले कण रक्ताच्या बाजूला न्यायला हवेत, म्हणजे पाणी त्यांच्यामागून आपोआप जाईल. पाण्यासाठी शरीराने वेगळा पंप ठेवलेला नाही. कण हलवायचे, पाणी ओघाने येते, अशी त्याची रीत आहे.

पटकीच्या विषाने मीठ आत घेण्याचा नेहमीचा मार्ग बंद पडतो. म्हणून नुसते मिठाचे पाणी पाजून उपयोग नाही. साधे पाणी पाजले, तर त्याला आत ओढून नेणारे काही नसते. उलट आतड्याच्या भिंतीतून क्षार त्यात उतरतात आणि तेही जुलाबावाटे निघून जातात. आजीच्या गावकऱ्यांनी जे पाहिले ते हेच होते.

ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात भरलेल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशींना एक निराळे दार आहे आणि ते एकट्या सोडियमसाठी उघडत नाही, एकट्या ग्लुकोजसाठीही उघडत नाही. दोघे बरोबर आले तरच उघडते. पुढे निश्चित झाले की सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असा हा जथा असतो. पेशीच्या आत सोडियमचे प्रमाण मुद्दाम कमी राखलेले असते, त्यामुळे सोडियम उतारावरून धावावे तसे आत धावते आणि त्याच्या जोरावर ग्लुकोज चढावर ओढले जाते. रहाटगाडग्याची एक बाजू खाली जाताना दुसरी वर येते, तसेच काहीसे. आत आलेले सोडियम पेशी दुसऱ्या बाजूने रक्ताकडे ढकलते, आणि पाणी त्यांच्यामागून जाते.

आता मघाची गोष्ट आठवा. पटकीचे विष पेशींना मारत नाही. हे जोडीचे दारही ते बंद करीत नाही. म्हणजे जुलाब चालू असतानाच, मिठाबरोबर योग्य प्रमाणात साखर दिली तर, पाणी आत घेता येते! जुलाब थांबत नाहीत. पण गळक्या हौदात गळतीहून अधिक वेगाने पाणी भरत राहिले तर हौद रिकामा होत नाही, आणि चार-पाच दिवसांत शरीर रोगाचा निकाल लावते.

ढाक्यातील दोन तरुण

क्रेन यांचे लक्ष पटकीकडे नव्हते आणि पटकीचे डॉक्टर क्रेन यांचे निबंध वाचत नव्हते. विज्ञानात असे पुष्कळदा होते. मौज अशी की कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच मीठ आणि ग्लुकोजचे द्रावण पाजून पटकीचे रुग्ण बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. उलटी थांबविण्यासाठी ते एका पाल्याचा रसही देत. आपल्या अंगणातील पानओवा तो हाच. पण किती पाणी गेले व किती दिले याचा काटेकोर हिशेब त्यांच्या निबंधात नव्हता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तो मागे पडला. त्यानंतर १९६२ मध्ये मनिला येथे अमेरिकन नौदलाचे डॉ. रॉबर्ट फिलिप्स यांनी तोंडावाटे द्रावण देऊन पाहिले. त्यात हिशेब चुकला आणि काही रुग्ण दगावले. द्रावण साधे असले तरी खेळण्याजोगे नाही, हे तेव्हा सर्वांना कळले. त्या धास्तीनेही काही वर्षे गेली.

१९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे दोन अमेरिकन डॉक्टर काम करीत होते. त्यांनी एक नियम कसोशीने पाळला : जेवढे बाहेर गेले तेवढे मोजायचे आणि तेवढेच पाजायचे. एवढ्याने शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे चार-पंचमांशाने घटली. नवीन औषध त्यात काही नव्हते. मोजपात्र होते आणि रात्रभर जागून नोंदी करण्याची तयारी होती. पण हेही रुग्णालयातच, प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखाली झाले. रुग्णालयाबाहेर हे जमेल असे तेव्हा फारसे कोणी मानत नव्हते.

बनगाव, १९७१

दिलीप महालनबीस यांचा जन्म १९३४ सालचा, आज बांगलादेशात असलेल्या किशोरगंजचा. १९५८ मध्ये कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, बालरोगांकडे वळले आणि पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ बालरुग्णालयात रजिस्ट्रार म्हणून निवडले गेलेले ते पहिले भारतीय. तेथे बस्तान बसलेले असताना १९६०च्या दशकाच्या मध्यास ते कोलकात्याला परतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तेथे चालवलेल्या संशोधन केंद्रात दाखल झाले. विषय होता पटकी आणि तोंडावाटे द्यायचे द्रावण. म्हणजे ढाक्यात चालले होते तेच काम सीमेच्या अलीकडेही चालू होते.

मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्याने हत्याकांड आरंभले आणि माणसांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्ष संपेपर्यंत ही संख्या सुमारे एक कोटीवर गेली. सीमेलगतच्या बनगाव भागात साडेतीन लाखांच्या आसपास निर्वासित होते. पावसाळा तोंडावर होता, स्वच्छ पाणी नव्हते, आणि पटकी आली.

जूनअखेर महालनबीस आपल्या चमूसह तेथील रुग्णालयात पोचले. दोन खोल्या रुग्णांनी भरून गेल्या होत्या. खाटा संपल्यावर माणसे जमिनीवर निजवली होती आणि सलाईन लावायचे तर त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. ही आठवण त्यांनी स्वतः पुढे सांगितली आहे. चमूत सलाईन लावता येणारे दोघेच. दोन दिवसांत त्यांना कळून चुकले की साठा पुरणार नाही, हात पुरणार नाहीत, आणि लढाई हातची जात आहे.

हा निर्णय किती अवघड होता, याचा विचार करा. त्या काळच्या वैद्यकीय मताप्रमाणे सलाईन हाच खरा उपचार होता. मनिलाचे उदाहरण सर्वांना ठाऊक होते. मिठाचे प्रमाण वाढले तर लहान मुलांना ते घातक ठरू शकते, हे बालरोगतज्ज्ञाला सांगावे लागत नाही. येथे तर द्रावण पाजणार होते कोण? रुग्णाची आई, बाप, बहीण. रुग्ण दगावले असते तर सारा दोष त्यांच्या माथी आला असता. दुसरीकडे काही न करणे म्हणजे डोळ्यांदेखत माणसे मरू देणे होते. महालनबीस यांनी तोंडावाटे द्रावण देण्याचे ठरवले.

कोलकात्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत कारखाना सुरू झाला. एकाने तराजूवर ग्लुकोज तोलायचे, दुसऱ्याने मीठ, तिसऱ्याने खाण्याचा सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून गरम इस्त्रीने तोंड बंद करायचे. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडा असे प्रमाण. पोटॅशियमही घालायला हवे होते, पण ते महाग आणि मिळायला अवघड म्हणून गाळले. एका मोठ्या पिशवीत १६ लिटरचा माल बसे. त्यात मीठ किती ते तुम्हीच काढा. खर्च लिटरला अकरा पैसे.

वही-पेन्सिल घ्या आणि या द्रावणाची दाटी मोजून पाहा. बाजारातील ग्लुकोजचा, त्यातील पाण्याच्या रेणूसह, रेणुभार १९८. २२ ग्रॅम म्हणजे १११ मिलिमोल. मिठाचा रेणुभार ५८.५, म्हणजे ३.५ ग्रॅमचे ६० मिलिमोल. पण मीठ पाण्यात दोन आयनांत फुटते, म्हणून १२०. सोड्याचा ८४, म्हणजे ३०, तोही दोन आयनांत फुटतो, म्हणून ६०. बेरीज २९१. रक्ताची दाटी मघा किती सांगितली होती? बनगावच्या पिंपातले पाणी आणि रक्त यांचे पारडे जवळजवळ समतोल होते.

हे पाणी तोटी लावलेल्या पिंपांत भरून ठेवले. नातेवाईक पेले भरून नेत आणि घोटघोट पाजत. तहान हीच मापाची दांडी : तहान असेतो प्या. ज्यांची नाडीच लागत नव्हती अशांना पहिले काही लिटर शिरेतून देत, आणि शुद्धीवर येताच पेला हाती देत. लोकांचा 'सलाईन' या शब्दावर विश्वास, म्हणून या पाण्याला 'तोंडाचे सलाईन' म्हणायचे ठरले! सुरुवातीला तेथील सेवकांनाही हा दुय्यम दर्जाचा उपचार वाटला. दोन-तीन आठवड्यांत त्यांचे मत बदलले. द्रावण कसे बनवायचे याची पत्रके सीमेवर वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरून माहिती सांगितली गेली.

ऑगस्टअखेरपर्यंत सुमारे ३,७०० रुग्णांवर या चमूने उपचार केले. आधी शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते. आता हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

शिक्षक या नात्याने एक गोष्ट येथे सांगायला हवी. हा नियंत्रित प्रयोग नव्हता. चिठ्ठ्या टाकून निम्म्या रुग्णांना पाणी व निम्म्यांना काही नाही, अशी विभागणी तेथे कोणी केली नाही, करूही शकले नसते. म्हणून शंका घेणारे निघाले, आणि शंका घेणे हे त्यांचे कामच होते. महालनबीस यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला १९७३ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेतील डॉ. धीमान बरुआ यांनी मात्र बनगावची छावणी स्वतः पाहिली होती. त्यांनी हा विषय लावून धरला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जगभरासाठी एकच सूत्र ठरवले, आणि १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने संपादकीयात लिहिले की हा कदाचित शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. आपल्याकडे या पुडीला जलसंजीवनी म्हणू लागले. हा शब्द ज्याला कोणाला सुचला, त्याला माझा नमस्कार.

चिमूट आणि मूठ

पुडी पोचत नाही अशा ठिकाणी काय करायचे? हा प्रश्न बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने हाती घेतला, आणि भौतिकशास्त्राच्या माणसाला या कथेतला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. खेड्यातल्या आईकडे तराजू नाही. ग्लुकोज नाही, पण गूळ आहे. मग माप कोणते? तीन बोटांची, पहिल्या पेरापर्यंत धरलेली मिठाची चिमूट; मूठभर गूळ; आणि अर्धा शेर पाणी. त्यांनी याला 'लोबोन-गुर' म्हटले, म्हणजे मीठ-गूळ.

१९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या स्त्री-कार्यकर्त्या घरोघर गेल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरांत. प्रत्येक घरी त्या आईला शेजारी बसवून तिच्याच हातून द्रावण करून घेत. नुसते सांगून निघून जायचे नाही. काही दिवसांनी दुसरी माणसे येत, काही घरे निवडून आयांची परीक्षा घेत, त्यांनी बनवलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत तपासत. शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा पगार तिने किती घरे केली यावर ठरत नसे, आयांच्या किती ध्यानात राहिले यावर ठरत असे. आम्हा शिक्षकांना ही पद्धत लागू केली तर काय होईल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. असो.

चिमूट हे एकक कितपत भरवशाचे आहे, ते मी वर्गात करून पाहिले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू असेल तर तुम्हीही करा. वर्गातील प्रत्येकाने तीन बोटांनी मीठ उचलायचे, तेही पाच वेळा, आणि दर वेळी कागदावर तोलायचे. एकाच मुलाच्या पाच चिमटी एकमेकींशी किती जुळतात? आणि दोन मुलांच्या चिमटी? पहिला फरक हा हाताचा, दुसरा एककाचा. माझ्या वर्गात दुसरा फरक पहिल्याहून कितीतरी मोठा निघाला. एककाची व्याख्या 'पहिल्या पेरापर्यंत' अशी नेमकी केली, तेव्हा तो कमी झाला. ब्रॅकच्या लोकांना पेराचा उल्लेख का करावा लागला, ते मला त्या दिवशी उमगले.

जुने सूत्र, नवे सूत्र

१९७५चे सूत्र पुढे बदलले. सोड्याची पुडी दमट हवेत टिकत नसे, म्हणून १९८४ मध्ये सोड्याऐवजी सायट्रेट आले. त्यानंतर असे दिसले की द्रावण रक्ताहून थोडे पातळ असेल तर मुलांना जुलाब कमी होतात व सलाईनची गरजही कमी पडते. काकडीची कोशिंबीर आठवली की हे पटते : बाहेरची दाटी कमी, तर पाणी आत जायला अधिक सोपे. २००२ पासूनच्या पुडीत लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. एकूण २०.५ ग्रॅम. औषधाच्या दुकानातील पुडीवर हे आकडे छापलेले असतात. मघासारखी बेरीज केली तर २४५ येते. सायट्रेट एका रेणूतून सोडियमचे तीन आयन देते एवढे विसरू नका, आणि या वेळी ग्लुकोजचा रेणुभार १८० धरा.

आता गोड शीतपेय घ्या. समजा, लिटरला १०० ग्रॅम साखर आहे. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणजे २९२ मिलिमोल. आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, म्हणजे दाटी ५८४. रक्ताच्या दुप्पट! जुलाब झालेल्या मुलाला हे पाजणे म्हणजे काकडीवर मीठ चोळणे. पाणी आत जाण्याऐवजी बाहेर येईल. दुकानांतून काही गोड पेये खोक्यावर 'ओआरएस' अशी अक्षरे छापून विकली जात होती. २०२५ मध्ये आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. नावावर जाऊ नका, मागचा तक्ता वाचा आणि बेरीज करा.

महालनबीस पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी अफगाणिस्तान, इजिप्त, येमेन येथे पटकीविरुद्ध काम करीत राहिले, नंतर ढाक्याच्या संशोधन संस्थेत गेले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, म्हणजे मरणोत्तर मिळाले.

जगात आजही पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी अतिसाराने दगावतात. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांच्या घरी काय झाले असेल? काही ठिकाणी पुडी नसेल. काही ठिकाणी, माझ्या आजीच्या घरी झाले तेच.

म्हणून एवढे पाठ करून ठेवा. मोठी पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका, आणि चव येत नाही म्हणून वर साखर घालू नका. बनवलेले पाणी चोवीस तासांत संपवा, उरले तर टाकून द्या. बाळाला चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकलेला. चव अश्रूंहून अधिक खारट लागली तर ते पाणी फेकून नवे करा. मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा.